हवेची भोकं

९ फेब्रुवारी ९८

रतनशेठ आज स्वतः दुकानात. काखेत कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे नुसता वरचा पत्रा. आतलं यंत्र दुरुस्तीला गेलंय. टेबलावर उलटा केला तर आतून हळद सांडली, वाटीभर तरी. "नामदेवराव, वर्षात दुसऱ्यांदा मेला हा. हळदीची अडत म्हटल्यावर धुरळा उडणारच, त्याला मी काय करू? तुमच्या पेट्या असतात तशी पेटी करून द्या ह्याला. धुळीचा कण आत जाता कामा नये."

तीस वर्षं पत्र्याच्या पेट्या करतोय. लग्नाच्या, फौजींच्या, हॉस्टेलला जाणाऱ्यांच्या. यंत्राला अंगरखा शिवायचा हे पहिल्यांदाच. गंगाराम कोपऱ्यात रंग ढवळत होता. म्हणाला, "शेठ, ह्याच्यावर बी मोर काढायचा का?" शेठ म्हणाले, दोन काढा.

(डायरी गेल्या सालची, खतवाल्यानं फुकट दिलेली. वार सगळे चुकलेले. चालतंय.)

१२ फेब्रु.

कॉम्प्युटरचा इंजिनिअर मापाचा कागद देऊन गेला. आत 'मदर' बसते म्हणे. गं. म्हणाला, "आई आतच बसती, त्यात काय नवीन?"

दोन्ही कुशींना भोकांच्या रांगा पाडायच्या आहेत, हवेसाठी. "काका, चालू झाला की आत तापतो तो." आता आली का पंचाईत. मुंगी शिरली तर पेटी परत आणा, असं छातीठोक सांगून जन्मभर धंदा केला, आणि आता आपल्याच हातानं पेटीला भोकं पाडा. शेठला धूळ नको, ह्याला हवा पाहिजे. बघू.

१७ फेब्रु. सातारा

आक्काकडे बसून लिहितोय. उद्या तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बहीण घाबरलेली नाही, मीच घाबरलोय.

काल घोळ झाला. मापाचा कागद पत्र्यावर उलटा चिकटवला. डावीकडची भोकं उजवीकडं पाडून झाल्यावर लक्षात आलं. मग परत बरोबर जागी पाडली. पेटी कसली, पीठ चाळायची चाळण झाली. निघताना गं.ला सांगितलं, भोकं बुजव लांबीचा लगदा भरून, पॉलिशपेपर मार, मग रंग. "समदी?" म्हणाला. समदी म्हटलं, धूळ नको म्हणतोय शेठ. गाडी सुटायला आली होती.

२१ फेब्रु.

सांगलीत परत. आक्काचा डोळा ठीक.

पेटी बघून उभाच राहिलो. गं.नं जीव ओतलाय. हिरव्या पत्र्यावर समोरासमोर दोन मोर, कडेनं कैऱ्यांची वेल, वर 'श्री लक्ष्मी प्रसन्न' आणि खाली कोपऱ्यात त्याचं नेहमीचं मेंढरू. धनगराचा मोर आणि धनगराचीच सही. गं.ला अक्षरं काढता येतात, वाचता येत नाहीत. चिठ्ठीवर लिहून दिलं की चित्र उतरावं तसं उतरतो. पण त्याच्यासारखा 'क्ष्मी' सांगलीत कुणाचा निघत नाही. कुशीवरनं हात फिरवला तर लोणी. भोकं कुठं होती ते माझं मलाच सापडेना. शाबास म्हटलं.

दुपारी हातगाडीवरून अडतीवर. हमालांनी गर्दी केली. शेठनी नारळ फोडला, कुंकू लावलं. इंजिनिअरच्या माणसानं आत यंत्र बसवलं.

२६ फेब्रु.

वाईट दिवस. सकाळी शेठचा माणूस पळत आला, पेटीतून जळका वास येतोय. गेलो. गं. पण बरोबर. इंजिनिअर आधीच आलेला. आत हात घालवेना इतकी पेटी तापलेली. त्यानं मोरावरनं बोट फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाला, "काका, हवेची भोकं कुठायत?"

नव्हतीच. एक पण नाही. सगळी लांबीनं गच्च.

शेठ, इंजिनिअर, खरेदीला आलेले दोघं, दहा-बारा हमाल, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गं.कडं वळलो. "चुकीची तेवढी बुजीव म्हटलं हुतं का समदी? भोकाभोकातला फरक कळंना व्हय तुला? मेंढरंच राखायची हुतीस जल्मभर, ब्रश कशाला धरलास?"

हमाल हसले.

गं.नं दुकानात येऊन ब्रश रॉकेलमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले, पिशवीत घातले. जातो पण म्हणाला नाही.

२७ फेब्रु.

आला नाही. येईल. रुसून जाणार कुठं?

३ मार्च

नाही आला. त्याच्या खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, गावाकडं गेले, भांडी पण घेऊन गेले.

शेठच्या पेटीची भोकं मी मोकळी केली. छिन्नी घेऊन एकेक. मोराच्या पोटातनं लांबीचा भुगा पडत होता. आतून बारीक जाळी लावली. इंजिनिअरनं जळालेला भाग बदलला. आता चालतोय. धूळ जाळीवर अडते, आठवड्यानं झटकायची. एवढंच होतं तर मग एवढं सगळं कशाला झालं!

माझी बायको मंदा गेल्यापासून दुपारचं जेवण गं. आणि मी एकत्र. अकरा वर्षं. आज भाकरी बांधून आणलीच नाही. चहावर भागवलं.

८ मार्च

त्याला पत्र टाकलं. 'काम पुष्कळ आहे. लवकर ये. नामदेव.'

जास्त काय लिहिणार? त्याला ते गावातले शेजारचे मास्तर वाचून दाखवणार. सगळ्या आळीला कळायचं.

११ मार्च

महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला आला. शेठच्या अडतीवर पेटी बघून थेट इकडं. म्हणतो, आमच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर असा करा की गिऱ्हाइकांनी फोटो काढला पाहिजे. "कसा करू?" तर म्हणे, "स्ट्रॉबेरीसारखा."

पन्नाशी उलटल्यावर पत्र्याची स्ट्रॉबेरी. गं. असता तर पोट धरून हसला असता. मी एकटाच हसलो. दुकानात एकट्याचं हसणं बरं वाटत नाही, लगेच थांबतं.

१५ मार्च

लाकडाच्या खळग्यात पत्रा ठोकून ठोकून गोलाई आणतोय. मोगरीचा आवाज दिवसभर. पूर्वी मी ठोकायचो आणि गं. पलीकडून ओरडायचा, "हळू की रं, मोर उडून जातील." आता कितीही ठोका, कोणी काही बोलत नाही.

एक गोष्ट जमली. स्ट्रॉबेरीवर बिया असतात ना, त्या जागी भोकं पाडली. हवा पण झाली, बी पण झालं. हे सांगायला धावत गेलो कुणाकडं? चहावाल्याकडं. तो "वा वा" म्हणाला आणि परत कप विसळायला लागला.

१८ मार्च

काम टाकून लिहायला बसलोय. 

इंजिनिअरची मापं परत पाहिजेत म्हणून डायरी मागं चाळत होतो. १२ तारखेचं पान बघितलं. पुढचं पान उलटलं. १७ फेब्रु. माझंच अक्षर. "समदी?" म्हणाला. समदी म्हटलं.

चार वेळा वाचलं. त्यानं विचारलं होतं. मी सांगितलं होतं. आणि २१ तारखेला मी त्याच कुशीवरनं हात फिरवला, शाबास म्हटलं. भोकं दिसत नाहीत म्हणून खूश झालो. मी, मिस्त्री. कागद माझ्याकडं होता, इंजिनिअर माझ्याशी बोलला होता. आणि दहा-बारा हमालांसमोर मी त्याची धनगरकी काढली.

त्याला आठवत असणार. तिथंच म्हणू शकला असता, नामा, तूच सांगितलंस की. म्हणाला नाही.

२० मार्च

काही काम केलं नाही.

२६ मार्च

दुसरं पत्र. 'स्ट्रॉबेरीला रंग द्यायचा आहे. मला जमत नाही. तू आलास तर बरं होईल. नामदेव.'

लिहिताना दोनदा पेन त्या गोष्टीवर आलं. पण ते मास्तर मोठ्यानं वाचतात. मुद्दाम मोठ्यानं.

२ एप्रिल

रंग मीच दिला. हॉटेलवाल्यानं डोकं एका बाजूला करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. "छान आहे," म्हणाला. "टोमॅटो पण छानच असतो." भला माणूस, घेऊन गेला.

ती दुकानात होत असताना बघून तिघंजण चौकशी करून गेलेत. एसटीतून रिटायर झालेल्या एका कंडक्टरला लाल गाडीच्या आकाराचा पाहिजे, टपासकट, पुढं पाटी 'सांगली - सातारा'. फोटोवाल्याला कॅमेऱ्याच्या आकाराचा. धंदा असा कधी चालला नव्हता. आणि दुकानात पाऊल टाकायला नको वाटतं.

१४ एप्रिल

जयंती. चौकात मोठी मिरवणूक. निळा फेटा बांधून गेलो, थोडा वेळ थांबलो, परत आलो.

दरवर्षी गं. यायचा. धनगर असून सगळ्यात पुढं नाचायचा. लोक विचारायचे, हा कोण? मी म्हणायचो, आमच्या गावचा.

माणातलं आमचं गाव, पाण्याचा तसाही दुष्काळ, आणि त्यातून आम्हाला पाणी वरून ओतायचे. आठ-नऊ वर्षांचा होता गं. एकदा भर पारासमोर आमच्या घरातून तांब्या घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायला. पारावरची म्हातारी माणसं बघत होती. बापानं त्याला बडवलं, ते पण सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या दिवशी परत आला आणि परत प्यायला.

आणि मी सगळ्यांच्या देखत काय केलं? नीच आहे मी. लिहून ठेवतो.

२० एप्रिल. सातारा

आक्काला सांगितलं. सगळं. डोळ्यावर काळा चष्मा लावून ऐकत होती, त्यामुळं तिचं तोंड कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "दोन पत्रं टाकलीस. त्यात काय लिवलंस?" म्हटलं, कामाचं. "मग काम येईल तुझ्याकडं. तो कशाला येईल?"

उद्या गावी जातो.

२१ एप्रिल

वडूज, तिथून दहिवडी, तिथून जीपच्या टपावर. ऊन असं की पत्रा नुसता ठेवला तर सांध्याचा डाख वितळेल. गावाला आठ वर्षांनी आलो. ओळखणारे कमी. माणसं सगळी मुंबईला.

गं. घरी नाही. त्याची बायको हौसा शेळीला पाला घालत होती. मला बघून पदर सावरला, पाणी दिलं. तांब्या हातात दिला, वरून नाही.

"आवं भावजी, ते थोरल्या दिराच्या मेंढरामागं गेल्यात. कऱ्हाडच्या अंगाला, कोयनंच्या काठाला. रोज नव्या शेतात मेंढरं बसवत्यात."

"ह्या वयात?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, नामाच म्हनला मेंढरं राख. आता राखतो."

 तिला सांगितलं, वयनी, चूक माझी हुती. मीच सांगितलं हुतं समदी भोकं बुजवायला. तिनं शेळीकडंच बघत विचारलं, "चारचौघांत बोलला हुता न्हवं?"

व्हय म्हटलं. तिनं चहा केला.

२७ एप्रिल

आज गेलो अडतीवर. सकाळी दहाला, मुद्दाम, गर्दी असते तेव्हा. रस्त्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा फिरलो पण.

इंजिनिअर तिथं काही कामानं आलेला, तेही बरंच झालं. पोती उतरत होती. मी मध्ये उभं राहून मोठ्यानं म्हणालो, "शेठ, ती भोकं बुजवायला मीच सांगितलं होतं. गंगारामची काही चूक नव्हती. मी त्याला उगाच बोललो."

शेठनी चष्म्यावरनं बघितलं. "कुठली भोकं?"

त्यांना आठवतच नव्हतं. सांगावं लागलं. मग म्हणाले, "अहो सोडा, दोन महिने झाले त्याला. चहा घ्या." इंजिनिअर एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या पेट्यांचं काम मला देणार होता, त्याचं नावही त्यानं आज काढलं नाही. बरोबर आहे त्याचं.

मला वाटलं होतं सगळी अडत थांबेल. दोन हमाल थांबले. त्यातला एक आमच्याच बाजूचा, म्हसवडकडचा. पोतं पाठीवर तसंच ठेवून म्हणाला, "मग त्या बाबाला हकनाक घालीवला की वं तुमी."

व्हय म्हटलं. तेवढा एकच माणूस माझ्याशी खरं बोलला.

११ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो, खीर खाल्ली. घरी आल्यावर झाडून काढलं, गं.ची रंगाची रिकामी डबडी धुऊन उपडी ठेवली. त्या हमालानं निरोप नेला असेल, तो दर आठवड्याला गावी जातो. मग गं. का येत नाही? दोन आठवडे झाले. मी माझं केलं. आणखी काय करायचं माणसानं?

१६ मे

कंडक्टरची एसटी झाली. खिडक्यांची भोकं तीच हवेची. लाल रंग चांगला बसलाय, नुसता सपाट मारायचा होता. पाटीवरची अक्षरं मात्र माझ्या हातानं वाकडीच आली. कंडक्टरनं 'सांगली - सातारा' वर बोट ठेवलं, डोळ्यात पाणी. सत्तावीस वर्षं ह्याच रूटवर होतो म्हणाला. अक्षरांचं काही बोलला नाही.

मी त्याला म्हणालो, बसा थोडा वेळ. बसला नाही, घरी नातवंडं वाट बघत होती.

१९ मे

दुपारी बूथवाला हाका मारत आला, मिस्त्री, फोन. कोण म्हटलं. कऱ्हाडवरनं कोणीतरी, नाव सांगत नाही, नुसतं नामाला बोलवा म्हणतोय.

मला नामा म्हणणारा एकच आहे. पळत गेलो, एक चप्पल पायात, एक नाही.

"नामा."

"बोल गड्या."

मागं गाड्यांचा आवाज. स्टँडवरनं लावला असावा.

"तू समद्यास्नी सांगितलंस म्हणं."

"व्हय. शेठच्या अडतीवर. समद्यांम्होरं."

"हौसाला बी."

"व्हय."

"आक्कालाबी सांगितलं असशील."

"व्हय रं."

  बूथवाल्याचं मशीन टिकटिक करत होतं. मग गं. म्हणाला, शांतपणे, राग नव्हता आवाजात, तेच वाईट.

"मला कवा सांगणार हाईस?"

तोंड उघडलं. दोन महिने रोज, भाकरी थापताना, पत्रा कापताना जे मनात घोकलं होतं ते सगळं होतं तिथं, ओठाशी. आणि बाहेर काय आलं?

"जेवलास का?"

"जेवलो," म्हणाला.  माझी वाट बघत होता, कळत होतं मला. मग फोन ठेवला.

बूथवाला म्हणाला, परत लावू का? कुठं लावणार? स्टँडवरचा फोन. आणि मेंढरं आज ह्या शेतात, उद्या पुढच्या.

२० मे

सकाळी सहाची कऱ्हाड गाडी आहे, तिनं जातो, असं काल खाली लिहिलं होतं. ते आता खोडलं. इथं लिहून टाकलं की मला वाटतं झालं काम.

साडेपाच वाजलेत. चप्पल घालतोय.